पतंग, घरातील

फुलपाखरे व पतंग यांचा समावेश असलेल्या लेपिडॉप्टेरा या कीटकगणातील ज्या थोड्या जातींनी मनुष्याच्या वस्तीत कायमचा आसरा घेतला असून ज्यांच्या अळ्या लोकर, केस, पिसे, धान्य, पीठ, सुकामेवा इ. साठविलेल्या वस्तूंवर उपजीविका करतात, त्यांना घरातील पतंग म्हणतात. या गणातील दीड लाखांहून अधिक ज्ञात जातींपैकी अशा उपद्रवी जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारे बहुतेक पतंग बाहेरून आलेले असतात व त्यांच्यापासून घरातील वस्तूंना धोका नसतो. खरे घरगुती पतंग आकाराने लहान, रंगाने फिके असतात. त्यांपैकी कपड्यांवरील पतंग तर प्रकाश टाळून पेटीच्या तळाशी व कपाटाच्या कोपऱ्यात राहतात.

नुकसान प्रौढ पतंग करीत नाही, त्याची अळी करते, ही गोष्ट या कीटकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. कपड्यांवरील पतंगांच्या प्रौढ अवस्थेत मुखांगे ऱ्हास पावलेली असतात व ते काहीच खात नाहीत. धान्यावरील पतंगांचे प्रौढही धान्य कुरतडू शकत नाहीत. त्यामुळे उडणारा पतंग मारल्याने उपद्रव थांबत नाही. पतंग दिसतो तेव्हा त्याच्या पिढीचे खाणे संपलेले असते आणि पुष्कळदा पुढील पिढीची अंडीही घातली गेलेली असतात. उपाययोजनेचा रोख म्हणून अळीवर, तिच्या अन्नावर व तिच्या लपण्याच्या जागांवर असावा लागतो.

मराठीत ‘कसर’ हा शब्द लोकरी कपड्यांतील अळ्या आणि पुस्तकांतील रुपेरी, बिनपंखी कीटक या दोहोंनाही लावतात. दुसरा कीटक निराळ्या गणातील असून तो मुख्यतः खळ, डिंक व कागद यांवर जगतो. लोकरी कापड खाणाऱ्यांत काही लहान भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्याही असतात. त्या कापडाला भोके पाडतात व टाकलेल्या काती मागे ठेवतात, पण जाळी विणत नाहीत. कापडावर रेशमी धाग्यांचे जाळे किंवा नळी आणि तीत अडकलेले विष्ठेचे बारीक कण आढळल्यास तो उपद्रव पतंगाचा आहे, असे समजावे.

कपड्यांवरील पतंग : हे टिनीइडी कुलातील आहेत. जाळी विणणारा पतंग (टिनीओला बिसेलिएला) सर्वांत उपद्रवी मानला जातो. समशीतोष्ण प्रदेशांत तो विशेष आढळतो. पंख पसरले असता त्याची रुंदी ९ ते १६ मिमी. भरते. पंख चकचकीत, गवताच्या काडीसारखे पिवळसर व ठिपके नसलेले असतात आणि डोक्यावर तांबूस सोनेरी केसांचा झुपका असतो. नर फडफडत उडतो. मादी उडण्यापेक्षा पळून लपणेच पसंत करते. मादी कापडाच्या धाग्यांत सरासरी ४० ते ५० अंडी घालते. उबदार हवेत ती ४ ते १० दिवसांत फुटतात. बाहेर पडलेली अळी पांढुरकी व तपकिरी डोक्याची असून ती लगेच खाण्यास व धागा विणण्यास सुरुवात करते. अनुकूल परिस्थितीत अळीची वाढ पाच-सहा आठवड्यांत पूर्ण होते. मात्र अन्न अपुरे व हवा थंड असल्यास तीच अवस्था दोन वर्षांपर्यंतही लांबू शकते. एकाच पेटीत वर्षानुवर्षे उपद्रव टिकून राहण्याचे हे एक कारण आहे. कोषातून बाहेर पडलेला प्रौढ दोन ते चार आठवडे जगतो.

कोश वाहणारा पतंग (टिनीआ पेलिओनेला) हा लिनीअस यांनी १७५८ मध्ये वर्णिलेल्या जातींपैकी एक आहे. त्याच्या करड्या-तपकिरी अग्रपंखांवर तीन काळसर ठिपके असतात, पण खवले झडले की ते दिसेनासे होतात. त्याची अळी रेशीम व कापडाचे तंतू यांची दोन्ही टोकांना उघडी अशी नळी तयार करून ती अंगाभोवती घेऊन हिंडते. ज्या रंगाचे कापड ती खाते त्या रंगाची नळी बनत असल्याने ती कापडावर सहसा दिसून येत नाही.

मुंबई व कोकणपट्टीसारख्या दमट हवेच्या प्रदेशांत भिंतींवर, छताच्या कडेला व पंख्यांच्या खाली भोपळ्याच्या बीसारखी चपटी, करड्या रंगाची पिशवी संथपणे सरकताना दिसते. ती फेरिओइका प्रजातीतील पतंगाच्या अळीची असते. पिशवीची लांबी सु. ८ ते १४ मिमी. असून तिच्यावर वाळूचे व धुळीचे कण चिकटविलेले असतात. ही अळी कोळ्यांची जुनी जाळी, मेलेले कीटक व गळलेले केस खाते आणि मिळाल्यास लोकरही कुरतडते. भिंतीवर अशा पिशव्या वाढू लागल्यास केर व जळमटे साचली आहेत व खोलीत ओल आहे, असे अनुमान करता येते. जळमटे काढून पिशव्या झाडून किंवा निर्वात झाडणीने ओढून टाकणे एवढा उपाय बहुधा पुरतो.

लोकर पचविण्याची क्षमता : लोकर, केस, पिसे, शिंगे व खूर हे केराटीन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींशी जखडलेल्या असल्यामुळे बहुतेक प्राण्यांचे पाचकरस त्यांच्यावर निष्प्रभ ठरतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रम-लांग व डूस्पिव्हा यांनी १९३५-३६ च्या सुमारास केलेल्या संशोधनातून या अळीच्या मध्यांत्राचे वैशिष्ट्य उघड झाले. तेथील द्रव तीव्र क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास असते. शिवाय तो प्रबळ क्षपणकारक असतो. त्यामुळे गंधकाचे बंध प्रथम तुटतात व मग एंझाइमे प्रथिनाचे विघटन करू शकतात. पाण्याची गरजही अळी अन्नाच्या ऑक्सिडीभवनातून बरीचशी भागविते. म्हणून कोरड्या पेटीतही ती तग धरते.

असे असले, तरी निव्वळ स्वच्छ लोकर हे अळीचे पुरेसे अन्न नाही. ब गटातील जीवनसत्त्वे व काही लवणे तिला बाहेरून मिळावी लागतात आणि ती घामाच्या, सांडलेल्या अन्नाच्या व मूत्राच्या डागांतून मिळतात. कोटाची कॉलर, काखेचा भाग व खाद्यपदार्थ सांडलेली जागा येथे प्रथम भोके पडतात ती यामुळेच. घोंगड्या, शाली, स्वेटर, गालिचे, लोकरी आसने, पिसांच्या उश्या, पियानोतील नमदा, संग्रहालयांतील पेंढा भरलेले प्राणी या सर्वांना या पतंगांचा उपद्रव होतो. रेशमी वस्त्रेही काही प्रमाणात खाल्ली जातात. सुती व कृत्रिम धाग्यांचे कापड अळीला पचत नाही, परंतु लोकरीशी मिश्र विणीचे किंवा डाग पडलेले असल्यास तेही कुरतडले जाते. घराबाहेर हे पतंग पक्ष्यांच्या घरट्यांत व मृत प्राण्यांच्या केसांवर वाढतात. वळचणीतील चिमण्यांची किंवा पारव्यांची सोडून दिलेली घरटी आणि माळ्यावर मरून पडलेला उंदीर यांतून ते घरात पसरू शकतात.

धान्य व पीठ यांवरील पतंग : भारतीय घरांत आर्थिक दृष्ट्या हे अधिक महत्त्वाचे आहेत. तांदळावरील पतंग (कॉर्सिरा सेफॅलोनिका) तांदूळ, ज्वारी, बाजरी, रवा, शेंगदाणे व तेलबिया यांत होतो. प्रौढ करड्या-तपकिरी रंगाचा असून त्याच्या पंखांवर ठळक नक्षी नसते. पंखविस्तार १५ ते २५ मिमी. असतो. मादी शंभराहून अधिक अंडी घालते. अळी रेशमी धाग्यांनी दाणे एकत्र गुंफून त्यांत राहते. डब्यातील तांदळाचे गोळे होणे किंवा रव्यात जाळी धरणे हे तिचे ठळक लक्षण आहे. प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या धान्यापेक्षा जाळी, विष्ठा व दुर्गंधी यांमुळे वाया जाणारे धान्य पुष्कळदा अधिक असते.

दुसरा पतंग प्लोडिया इंटरपंक्टेला हा होय. त्याच्या अग्रपंखाचा बुडाकडील तिसरा हिस्सा फिकट करडा व उरलेला भाग तांबूस, तांब्याची झाक असलेला असल्याने तो सहज ओळखता येतो. इंग्रजीत तो ‘इंडियन मील मॉथ’ या नावाने प्रसिद्ध आहे. मात्र या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत असत व त्या पिठात हा कीटक आढळल्यावरून ॲसा फिच या न्यूयॉर्कमधील कीटकवैज्ञानिकांनी १८५६ मध्ये हे नाव वापरले. पीठ, सुकामेवा, मनुका, चॉकलेट, पाळीव प्राण्यांचे खाद्य अशा नाना पदार्थांत तो वाढतो. सु. ३०° से. तापमानात त्याची एक पिढी जवळजवळ महिन्याभरात पूर्ण होते. पूर्ण वाढलेली अळी अन्न सोडून भिंतीवर, छताच्या कोनात किंवा डब्याच्या झाकणाच्या आट्यांत कोष करते. त्यामुळे डबा स्वच्छ केला, तरी कोष फडताळातच राहून उपद्रव परत उद्‌भवतो. पातळ प्लॅस्टिकच्या व कागदाच्या पिशव्या या अळ्या कुरतडून पार करतात.

तिसरा, दाण्याच्या आत वाढणारा पतंग (सिटोट्रोगा सेरिअलेला) मका, ज्वारी, गहू व भात यांस लागतो. त्याची लागण पुष्कळदा शेतात उभ्या पिकातच होते. अळी दाणा आतून पोखरते. बाहेर पडण्याची वाट ती अगोदरच कोरून ठेवते, पण त्यावर सालीचा पातळ पडदा राखते. त्यामुळे पतंग बाहेर पडेपर्यंत दाणा वरून शाबूत दिसतो. फ्रान्सच्या आंगूम्वा प्रांतात अठराव्या शतकात या कीटकाने एवढा उत्पात केला की, तेथील विज्ञान अकादमीने १७६० मध्ये द्यूआमेल द्यू मोंसो व तिये या दोन सदस्यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांचा ग्रंथ १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. भट्टीत धान्य ठराविक मर्यादेपर्यंत तापवून अळ्या मारणे हा त्यांनी सुचविलेला मुख्य उपाय होता. उष्णतेचा हा उपाय आजही ग्राह्य आहे.

उपद्रवाचा शोध व सफाई : उपाययोजनेस आरंभ करण्यापूर्वी उपद्रवाचे मूळ शोधणे आवश्यक असते. कपड्यांच्या बाबतीत दीर्घकाळ न वापरलेली पेटी, बिछान्याखालील गालिचा, जड फर्निचरखालचा केर व कपाटाच्या फटी पाहाव्यात. स्वयंपाकघरात सर्वांत जुने व विसरलेले जिन्नस प्रथम तपासावेत. जाळी धरलेले पीठ किंवा रवा चाळून परत वापरण्यात अर्थ नसतो, कारण अंडी व लहान अळ्या चाळणीतून निसटतात. असे जिन्नस पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाकावेत. फडताळाच्या फटी, खिळ्यांची भोके व झाकणांचे आटे यांतील कोष ब्रशाने काढून जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. नवे धान्य जुन्यात मिसळू नये.

लोकरी कपडे ठेवणीत टाकण्यापूर्वी धुणे किंवा कोरड्या धुलाईस देणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंधक उपाय आहे. त्याने अंडी-अळ्या नष्ट होतात व अळीला आवश्यक असलेले डागही जातात. त्यानंतर कपडे घट्ट झाकणाच्या पेटीत किंवा बंद पिशवीत ठेवावेत. धुतलेला पण उघडा ठेवलेला कपडा आणि बंद पेटीत मळका ठेवलेला कपडा हे दोन्ही असुरक्षितच असतात.

उष्णता व थंडी : सु. ५५° से. तापमान वस्तूच्या सर्व भागांत पोहोचून तासभर टिकल्यास या पतंगांच्या सर्व अवस्था मरतात. उन्हाळ्यात कपडे व धान्य कडक उन्हात घालण्याची महाराष्ट्रातील पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. ऊन पडताच अळ्या आडोसा शोधतात. म्हणून कपडे उलटेसुलटे करून झटकावेत व शिवणी, घड्या आणि खिसे ब्रशाने झाडावेत. तांदूळ मात्र कडक उन्हात घालीत नाहीत, कारण एकाएकी ओलावा कमी झाल्याने दाण्याला चिरा पडून तो तुटतो. तो सावलीत पसरून निवडणे इष्ट ठरते.

ज्या वस्तूंना उष्णता किंवा धुणे सोसत नाही त्या बंद पिशवीत घालून −१८° से. किंवा त्याखालील तापमानात दोन आठवडे ठेवल्यास अळ्या व अंडी मरतात. संग्रहालयांत वस्त्रे व पिसांच्या वस्तू यांसाठी हीच पद्धत अधिक कमी तापमानात वापरतात. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे तीवर दव धरत नाही. रवा, मैदा, बेसन व सुकामेवा यांसाठीही घरातील शीतकपाटाचा गोठण कप्पा उपयोगी पडतो.

वनस्पतिज पदार्थ : कपड्यांत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा कापूर आणि धान्यात कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा जुनी आहे. गव्हाला व तुरीच्या डाळीला एरंडेल चोळतात. वेखंडातील बाष्पशील तेलाचा काही कीटकांच्या प्रजननावर अनिष्ट परिणाम होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु अशा पदार्थांचा वास उडून जातो आणि अगोदरच असलेल्या अळ्या त्यांनी क्वचितच मरतात. स्वच्छ केलेल्या, बंद पेटीतील पूरक उपाय एवढेच त्यांचे स्थान आहे.

रासायनिक द्रव्ये व त्यांचे धोके : डांबराच्या गोळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत नॅप्थॅलीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन असते. ही घन द्रव्ये संप्लवनाने बाष्परूप होतात. बाष्पाचे प्रमाण पुरेसे वाढले तरच अळ्या मरतात, म्हणून घट्ट बंद पेटीतच त्यांचा उपयोग होतो. उघड्या कपाटात किंवा खणात टाकलेल्या गोळ्यांनी अळ्या मरत नाहीत, मात्र घरातील माणसांच्या श्वासात ते बाष्प सतत जात राहते. नॅप्थॅलीनमुळे रक्तातील तांबड्या कोशिका फुटतात. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची जन्मजात न्यूनता असलेल्या व्यक्तींत आणि नवजात अर्भकांत हा परिणाम तीव्र असतो. गोळ्यांत ठेवलेली दुपटी व लोकरी कपडे वापरल्याने अर्भकाला रक्तक्षय व तीव्र कावीळ होऊन मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. ग्रीसमध्ये १९६३ साली अशा २१ नवजात अर्भकांची नोंद प्रसिद्ध झाली. बाळंतविड्याचे कपडे पेटीतून काढून थेट वापरणे म्हणूनच धोक्याचे असते. अर्भकाच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. लहान मुले त्या खडीसाखर समजून गिळतात, हाही धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थॅलीनचा समावेश मानवात कर्करोग संभवनीय असलेल्या द्रव्यांच्या गटात केला. यूरोपीय संघात २००८ पासून या गोळ्यांच्या विक्रीस बंदी आहे.

धान्यात घालावयाच्या विषारी द्रव्यांबाबत अधिकच सावधगिरी आवश्यक असते. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. हा पदार्थ अन्नात मिसळण्याजोगा नसून पोटात गेल्यास, विशेषतः मुलांना, अपायकारक ठरतो. धान्याला धुरी देण्यासाठी एकेकाळी वापरात असलेल्या एथिलीन डायब्रोमाइडावर भारतात २००१ मध्ये बंदी घालण्यात आली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या गोळ्या हवेतील ओलाव्याच्या संयोगाने फॉस्फीन हा अतिविषारी वायू सोडतात. गोदामांत त्या प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली वापरल्या जातात व भारतात त्यांच्या वापरावर कायद्याने निर्बंध आहेत. राहत्या घरातील धान्याच्या कोठीत त्या ठेवल्यास वायू फटींतून शेजारच्या खोल्यांत शिरतो आणि झोपलेली माणसे दगावतात. या विषावर प्रतिविष उपलब्ध नाही. घरातील धान्यासाठी त्या कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत.

लोकरीचे कापड कारखान्यातच कसररोधक करण्याची पद्धती विसाव्या शतकात विकसित झाली. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत ‘युलान’ या नावाची द्रव्ये प्रचारात आली. ती रंगाप्रमाणे तंतूत मुरत असल्याने त्यांचा परिणाम टिकाऊ होता. पुढे डीलड्रिनसारखी द्रव्ये वापरली गेली, परंतु पर्यावरणात दीर्घकाळ साचून राहत असल्याने ती मागे पडली व पर्मेथ्रीन वर्गातील द्रव्यांनी त्यांची जागा घेतली.

सापळे व नैसर्गिक शत्रू : मादी नराला आकर्षित करण्यासाठी जो गंध सोडते त्याची कृत्रिम प्रतिकृती चिकट सापळ्यात ठेवल्यास नर त्यात अडकतात. असे कामगंध सापळे कपड्यांवरील पतंग व प्लोडिया या दोहोंसाठी मिळतात. त्यांत केवळ नर सापडत असल्याने उपद्रवाचा समूळ नाश होत नाही. परंतु उपद्रव कोठे आहे व उपाययोजनेनंतर तो कमी झाला की नाही, हे त्यांवरून कळते. ब्रॅकॉन हेबेटर ही परजीवी गांधीलमाशी धान्यावरील पतंगांच्या अळ्यांवर अंडी घालून त्यांचा नाश करते. ट्रायकोग्रामा हे अतिसूक्ष्म परजीवी कीटक पतंगांच्या अंड्यांत वाढतात. भारतात ऊस, कापूस इ. पिकांवरील किडींच्या जैव नियंत्रणासाठी ट्रायकोग्रामांची मोठ्या प्रमाणावर पैदास करतात व त्यासाठी लागणारी अंडी प्रयोगशाळेत भरडलेल्या धान्यावर वाढविलेल्या तांदळावरील पतंगापासूनच मिळवितात. घरात नुकसानकारक ठरणारा हा पतंग अशा रीतीने शेतीला उपकारक ठरला आहे.